न नेलेली पुस्तकं

श्रीपतीनं नॉर्वेच्या पुस्तकाच्या सांध्यात सुरी घातली, तशी सरोजानं उठून दाराची वरची कडी लावली. खालची आधीच लावलेली होती.

"पंखा बंद कर," तो म्हणाला. "कागद उडायलेत."

"उकडून मरायची पाळी आली. किती राहिली?"

"हे शेवटचं."

हवालदाराचा फोन सकाळीच येऊन गेला होता. संध्याच्या पासपोर्टची चौकशी आहे, दुपारी येतो, मुलीला घरी ठेवा. एवढंच बोलला. आवाज ना गोड ना कडू, आणि श्रीपतीला त्याचीच जास्त भीती वाटली. ओरडणारा माणूस निदान कळतो तरी.

त्यानं सुरी ओढली. पुठ्ठा अख्खा सुटून हातात आला. नॉर्वेची उघडी पानं बाजूला ठेवली, आणि त्या पुठ्ठ्यात आयर्लंडच्या लढ्याची पानं बसवली. अस्तराला खळ लावली, तळहातानं दाबली. पाठीवर नॉर्वेची सोनेरी अक्षरं, आत बंदुका.

जन्मभर हेच काम केलेलं, पण असं उलटं कधी नाही. आधी मीरा रोडच्या एका छापखान्यात बाइंडिंग, आणि छापखाना बंद पडल्यावर भाईंदरला जेसल पार्कच्या ह्या वन रूम किचनमध्ये घरीच. ह्या धंद्यात एक असतं. लोक फाटकं पुस्तक बांधायला देतात, शनिवारी येतो म्हणतात, आणि येत नाहीत. कोण मरतं, कोण विरारपलीकडे राहायला जातं, कुठलं वाचनालयच उठतं. बाकीचे बाइंडर थोडे दिवस वाट बघून माल रद्दीत घालतात. श्रीपतीनं कधी घातला नाही. "ज्याचं त्याचं हाय. उद्या आला तर काय दाखवू त्याला?" असं त्याचं म्हणणं. त्या म्हणण्यापायी घराची एक भिंत भरली.

आणि लोक बांधून घेतात तरी काय? कथा-कादंबरी फाटली तर फाटली. बांधून ठेवायचं ते परदेशच्या प्रवासाचं, कुठल्या देशानं गोऱ्या साहेबाला कसं हाकललं त्याचं, आणि हाकलल्यावर आपापसात कशी जुंपली त्याचं. श्रीपतीची शाळा सातवीत सुटली, पण ही पुस्तकं तो शिवता शिवता वाचायचा, हातात येईल तो गठ्ठा. कधी शेवट आधी, सुरुवात मागाहून. संध्या लहान असताना तिला भाताच्या घासागणिक एकेक देश भरवायचा. ती आता मीरा रोडच्या हॉस्पिटलात नर्स होती, जर्मन शिकली होती, आणि जर्मनीहून तिला बोलावणं आलं होतं. ते कळलं तेव्हा सरोजा म्हणाली होती, "तुमच्या भिंतीनंच पोर लांब घालवली." रागानं नाही म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली.

ह्या भिंतीची भीती घरात आणली ती सरोजाच्या भावानं, समाधाननं. रविवारी जेवायला आला आणि हात धुता धुता थांबला.

"दाजी, पोलीस घरात येणार ना? मग हे काय ठेवलंय?"

"काय?"

"हे. लढा, उठाव, क्रांती. लाल पुठ्ठे वर. आमच्या ग्रुपवर आलंय, एकाच्या घरातनं पुस्तकंच उचलून नेली."

"मग? पुढं काय झालं त्याचं?"

"तेच तर. पुढचं ग्रुपवर काही आलंच नाही."

"पण ही माझी न्हाईत."

"मग कुणाची, म्हणतील. नावं सांगा, म्हणतील. सांगता?"

श्रीपतीनं ताट सरकवलं. सरोजा म्हणाली, "पोत्यात भरा आन् खाडीत सोडा. ही काय दोन पावलांवर खाडी." पण तीन मजले पोती उतरवायची म्हणजे वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे विचारणार. आणि दुसऱ्याचा माल खाडीत टाकायला हात धजेना.

दोन रात्री तो कूस बदलत राहिला. मग त्याला जे सुचलं ते फक्त बाइंडरलाच सुचावं. प्रवासाच्या पुस्तकांचे पुठ्ठे काढून लढ्याच्या पुस्तकांना चढवायचे. मापात बसतील तेवढी तशी करायची, उरलेल्यांना जुन्या कॅलेंडरचे कागद. लाल पुठ्ठे गादीखाली सपाट, आणि प्रवासाची उघडी पानं दिवाणाच्या पोटात. भिंतीवर नुसती सहल.

शेवटचं पुस्तक फळीवर गेलं आणि दार वाजलं. सरोजानं दोन्ही कड्या काढल्या. संध्या होती, ड्यूटी अर्धी टाकून आलेली.

"दोन-दोन कड्या कशाला?" ती आत येत म्हणाली. मग तिला खळीचा वास आला, मग भिंत दिसली. "पप्पा, काय केलंत तुम्ही हे?"

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. जिन्यात बूट वाजत होते.

हवालदार घाग पन्नाशीचा, पोट सुटलेला, तीन मजले चढून धापा टाकणारा माणूस. पाणी मागितलं आणि थेट दिवाणावर बसला. गादीखाली पुठ्ठे करकरले.

"गादी कडक आहे," तो म्हणाला.

"पाठीला बरी असते, साहेब," सरोजा म्हणाली. तिचा आवाज भांड्यातल्या चमच्यासारखा वाजला.

त्यानं संध्याला नाव विचारलं, जन्म विचारला, किती वर्षं इथं राहता ते विचारलं. आधार कार्ड उलटसुलट बघितलं. "शेजारचं कोण आहे का? सही लागते."

सरोजा शेजारच्या जिग्नाबेनना आणायला गेली. संध्या कागदांच्या झेरॉक्स शोधायला आत स्वयंपाकघरात गेली. उरले दोघं. हवालदार भिंतीकडे बघायला लागला.

"एवढी पुस्तकं? वाचलीत सगळी?"

"मी बाइंडर हाय साहेब. शिवताना डोळ्याखालून गेली तेवढी."

"सगळा प्रवासच दिसतोय." घाग उठला. "आम्हाला कुठला प्रवास? भाईंदर टू भाईंदर. जपान... स्वित्झर्लंड... हां, नॉर्वे. मिसेस ते बर्फाचे व्हिडिओ बघत असते."

श्रीपतीनं हात पुढे केला, पण तो हवेतच राहिला. पोलिसाच्या हातातलं पुस्तक कसं काढून घेणार?

घागनं पुठ्ठा उघडला. अस्तर चर्रकन सुटलं. त्यानं बोट वर केलं, अंगठ्यावर चोळलं. खळ ओली होती. मग पान उलटलं. आणखी एक. आणि वाचायला लागला.

बाहेर भाजीवाला 'कोथमीर, पालक' ओरडत गेला. पंखा अजून बंदच होता, आणि घाम पाठीवरून उतरताना श्रीपतीला वाटलं, आता हा विचारेल नॉर्वे कुठं आहे म्हणून. मग गादी उचलेल. मग संध्याच्या कागदावर दोन शब्द लिहील, आणि पोरगी जन्मभर मीरा रोडला रिक्षाच्या लाइनीत उभी राहील. तिला हे दोन शब्द कुणी दाखवणारही नाही.

घागनं पुस्तक मिटलं. पाठीवरची सोनेरी अक्षरं बघितली. मग श्रीपतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाइंडिंग तुमचंच?"

"हो."

"आजचंच दिसतंय."

 तेवढ्यात जिग्नाबेन आल्या आणि दारातूनच सुरू झाल्या. "साब, बहोत अच्छी छोकरी छे. मेरा बीपी वोही चेक करती. इसको रोको मत हां, लेकिन जायेगी तो मेरा बीपी कौन देखेगा?"

घाग हसला. सही घेतली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले. पुस्तक काखेत तसंच होतं.

"हे नेतो. वाचायला." तो श्रीपतीकडे बघून म्हणाला. "चालेल ना?"

"न्या साहेब."

बूट उतरत गेले, एकेक मजला. संध्या भिंतीपाशी गेली, एक पुस्तक काढून उघडलं, आणि खाली बसली.

"पप्पा, ही इथं उघडी होती तोवर नुसती पुस्तकं होती हो. आता कुणी विचारलं का लपवली, तर काय सांगणार?"

श्रीपतीला हे सुचलंच नव्हतं. समाधानला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "दाजी, तुम्ही पुरावा बांधून दिलात."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्या घरालाच ठाऊक. जिन्यात पाऊल वाजलं की सरोजाचा हात पोळीवर थांबायचा. श्रीपती खाडीकाठच्या चौपाटीकडे फिरायला जायचा बंद झाला, कारण पोलीस चौकीवरून जावं लागतं. वाचायला म्हणाला होता की न्यायला? एकदा असं वाटायचं, एकदा तसं. संध्या ड्यूटीला जायची, यायची, जर्मनचे धडे पुटपुटायची, वडिलांशी मोजकंच बोलायची.

एका सकाळी पोस्टमन आला. जाड पाकीट, निळा पासपोर्ट, आत कान उघडे ठेवून काढलेला संध्याचा फोटो. सरोजा खाली बसून रडली. हवालदारानं काय लिहिलं होतं, चांगलं लिहिलं की काहीच लिहिलं नाही, ते कुणाला कळलं नाही. नेलेलं पुस्तक घेऊन मात्र तो आला नाही.

संध्या गेली त्या दिवशी विमानतळावर तिनं वडिलांचा हात धरला. खळीनं कडक झालेली बोटं तिनं दाबली. "पप्पा, परत बांधा ती. जशी होती तशी."

घरी आल्यावर त्यानं दिवाण उघडला. पंखा लावला. जपानला जपानचा पुठ्ठा दिला, लढ्यांना त्यांचे लाल पुठ्ठे दिले. ह्या वेळी घाई केली नाही, एकेक पुस्तक वजनाखाली नीट वाळू दिलं. शेवटी हातात राहिली नॉर्वेची उघडी पानं, आणि आयर्लंडच्या लढ्याचा रिकामा लाल पुठ्ठा.

"त्यालाच घाला की तो," सरोजा म्हणाली. "पानं खराब होतील."

"नको. पुन्हा तेच नको."

नॉर्वेला त्यानं नवा पुठ्ठा कापला. आयर्लंड होतं नाथा गुरुजींचं. भाईंदर पश्चिमेचे, शाळेतून निवृत्त झालेले, छत्री टेकत आले होते आणि 'शनिवारी येतो' म्हणाले होते. त्याला किती शनिवार झाले, देव जाणे. श्रीपतीनं तो रिकामा पुठ्ठा पुसला आणि फळीवर त्याच्या जागी ठेवला. पोटात काही नसल्यानं तो मिटायला लागला. म्हणून शेजारची दोन पुस्तकं त्यानं सरकवली, पुस्तकाच्या जाडीएवढी जागा सोडली, आणि पुठ्ठा मधे उघडा उभा केला.

जिन्यात बूट वाजले.

सरोजा उठली, उघडं दार लावायला कडीपाशी गेली.

"राहू दे," श्रीपती म्हणाला. त्यानं खळीचे हात पुसले. ते त्यानं मांडीवर ठेवले, आणि उघड्या दाराकडे तोंड करून बसून राहिला.