फूटभर वर गेलेली रेघ

मित्रांनो, मी रपट्यावरचा एक जुना दगडी खांब आहे, आणि माझ्या माथी एका माणसाचा जीव आहे. दगडाला काय कळतं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मला सगळं कळत होतं, फक्त बोलायला तोंड नव्हतं.

शेलूबाजारच्या बाजाराला मानोऱ्याकडून जी आडवळणाची सडक जाते, तिच्यावर एक नाला लागतो. तेव्हा नाल्यावर पूल नव्हता, रपटा होता. रपटा म्हणजे दगडाची बुटकी फरशी. उन्हाळ्यात तिच्यावरून गाड्या जातात आणि पावसाळ्यात पाणी जातं. पाणी किती आहे ते लोकांना कळावं म्हणून तिच्या कडेला मला उभं केलं.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. धनजच्या बाजूला पोटासाठी माणसं खडी फोडत होती, तिथल्या काळ्या दगडातून ग्यानबा पाथरवटानं मला घडवलं. मला पुरलं त्या दिवशी नाल्यात टिपूस नव्हता. बाया वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. एक जण म्हणाली, "पानी नाई, अन् पानी मोजाले खांब आला मायबाई." सगळ्या हसल्या. मला फार लाज वाटली होती.

पुढच्या वर्षी पाऊस आला आणि माझं काम सुरू झालं. सडकेची निगा राखायला देवमन नावाचा मैलकुली होता. खड्डे बुजवायचे, नाल्या काढायच्या, झाडांना चुना लावायचा, हे त्याचं काम. नाल्याच्या काठावरच त्याचं घर होतं. रोज सकाळी तोंड धुऊन तो माझ्याजवळ उभा राही आणि हात जोडून पंचशील म्हणे. त्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली होती, तेव्हापासून त्या घरात ते चुकलं नव्हतं. त्याचा आवाज भरदार होता. मला तो ऐकायला आवडायचा.

माझ्या अंगावर फुटांच्या खुणा होत्या, पण धोक्याची रेघ कुठे मारायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. देवमननं काय केलं, एका बैलाच्या कमरेला दोर बांधला आणि पाणी चढत असताना त्याला रपट्यावर उभा केला. बैलाचे खूर जिथे घसरू लागले तिथे पाणी दोन फूट होतं. तिथेच त्यानं तांबडी रेघ मारली. रेघेला पाणी लागलं की तो सडकेवर आडवा बांबू टाकी, दिवसभर पहारा देई आणि वहीत तो दिवस 'बंद' म्हणून लिही. एस.टी.चा ड्रायव्हरसुद्धा गाडी थांबवून आधी माझ्याकडे बघायचा. खांब म्हन्ते तेच खरं, असं गावात झालं होतं. काय सांगू, मला त्याचा ताठा चढला होता.

देवमनचा एक जिवाचा सोबती होता, गुलाबराव माळी. नाल्यापलीकडे त्याची वाडी होती. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं गाडीत भरून तो दर बाजाराला इथून जाई. जाता जाता विचारी, "काय म्हन्ते भाऊ तुहा खांब?" देवमन म्हणे, "जा म्हन्ते." मग दोघं बिडी ओढत. पूल व्हावा ही दोघांचीही एकच ओढ होती. एका पावसाळ्यात गुलाबरावची गाडीभर मिरची इथेच अडून सडली होती.

सत्त्याहत्तर सरलं आणि बातमी आली की दिल्लीहून संसदेची समिती येणार. देशातल्या सडका, पूल, मोटारी बघायच्या, आधी कुठे काम व्हायला हवं ते सरकारला सांगायचं, आणि सांगितलेलं झालं की नाही तेही तपासायचं, हे त्या समितीचं काम होतं. गावाला आनंद झाला. सडकेच्या साहेबाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. त्यानं देवमनची वही पाहिली. गेल्या वर्षी सडक सव्वीस दिवस बंद होती.

"सव्वीस दिवस? हे समितीपुढे ठेवलं तर खात्याची अब्रू जाईल," साहेब म्हणाला. "रेघ एक फूट वर घे. वही मी नवी करून देतो. कोणी विचारलं तर फरशी उंच केली म्हणून सांगायचं. तुझ्या कायम व्हायच्या कागदावर माझीच सही लागणार आहे, हे ध्यानात ठेव."

देवमन बारा वर्षं रोजंदारीवर होता. त्यानं ब्रश उचलला. फरशीवर दोन बोटं सिमेंटचा थर पडला. देवमननं मला नखशिखांत पांढरा रंग दिला आणि तीन फुटांवर नवी रेघ मारली. रंग झकास बसला होता. मित्रांनो, मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो.

समिती आली. तिच्यात एक चष्मेवाल्या खासदार बाई होत्या. त्यांनी साहेबाला विचारलं, "ही सडक वर्षातून किती दिवस बंद असते?"

"चार दिवस," साहेब म्हणाला.

बाईंनी कागदावर चार लिहिलं आणि जमलेल्या लोकांना समजावून सांगितलं, "पाण्यामुळे जी सडक पंधरा दिवसांहून जास्त बंद राहते, तिथे पूल आधी. आमचा पहिला आग्रह तोच आहे. तुमचं बरं आहे, चारच दिवस आहेत. तुमचा नंबर मागून लागेल."

हातात तांबडं निशाण धरून देवमन उभा होता. त्यानं साहेबाकडे पाहिलं. साहेबानं बुटांकडे पाहिलं. ज्या आकड्याची लाज वाटली, त्याच आकड्यानं पूल मिळणार होता. तेव्हाच एक शब्द निघाला असता तर किती बरं झालं असतं. पण मोटारी धूळ उडवत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव आला आणि माझ्याकडे बघत राहिला. "रेघ वर गेली वाट्टे, भाऊ?"

"फरशी उंच केली न आता," देवमन म्हणाला.

"तू म्हन्तं तं असंन." इतकंच बोलून गुलाबरावनं बैल हाकले.

त्यानंतर देवमनचं पंचशील अडखळू लागलं. तीन शीलं तो म्हणे. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे आला की थांबे, खाकरे, आणि पुढे न म्हणताच घरात जाई.

पोळा होऊन आठेक दिवस झाले होते. वरच्या अंगाला पाऊस झोडपत होता. भर दुपारी गुलाबराव भरली गाडी घेऊन काठावर आला. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. रेघेला पाणी लागलं नव्हतं, म्हणून बांबू नव्हता, आणि देवमन दोन मैलांवर खड्डे भरत होता. गुलाबराव गाडीतून उतरला, डोळ्यांवर हात धरून त्यानं मला नीट पाहिलं. मी कळवळून सांगत होतो, नको येऊ बाबा. पण माझ्या अंगावर 'ये' लिहिलं होतं. त्यानं कासरा सैल सोडला.

मध्यावर बैलांचे खूर सुटले. गाडी आडवी झाली आणि कडेवरून खाली गेली. गुलाबराव वाहत माझ्यापाशी आला आणि त्यानं मला दोन्ही हातांनी मिठी मारली. बराच वेळ तो धरून होता. त्याची छाती माझ्या अंगावर धडधडत होती. मग बोटं एकेक करून सुटली. एक बैल काठाला लागला. गुलाबराव तिसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडला.

लोक म्हणाले, घाई केली त्यानं. त्याची बायको गिरजाबाई म्हणायची, "खांब पाह्यल्याबिगर पान्यात पाय टाकनारा मानूस नोयता तो." तिचं कोण ऐकतं? बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन ती यायची, पाटी खाली ठेवायची आणि माझ्यासमोर उभी राहायची. भांडायची नाही, रडायची नाही. नुसती बघायची. ती दिसली की देवमन वावरातून लांबचा फेरा घेई. मित्रांनो, ती मिठी अजून सुटलेली नाही. नाल्याला पाणी आलं की मला ती दहा बोटं जाणवतात, आणि मी दगड असून घाबरतो.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला समिती पुन्हा आली. सांगितलेलं झालं का, ते बघायला. साहेब म्हणाला, इथे सगळं ठीक आहे. खासदार बाईंनी लोकांना विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का?

गिरजाबाई पुढे आली. "बाई, मले पूल नाई मांगाचा. हा खांब खरं सांगते का खोटं, तेवढं सांगा."

मग मागून आवाज आला, "खोटं सांगते." देवमन गर्दीतून वाट काढत आला. "रेघ म्या वर नेली. साहेबानं सांगतलं, म्या नेली. फरशी उंच झाली मनून गुलाबभाऊले म्याच सांगतलं. सडक चार दिवस नाई, सव्वीस दिवस बंद होती."

"पहिली रेघ कुठे होती?" बाईंनी विचारलं. देवमननं माझ्या अंगावर तळवा ठेवला. बाईंनी चारावर काट मारली आणि सव्वीस लिहिलं.

"मंजे पूल आंधी आमचाच होता?" गिरजाबाईनं विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

गिरजाबाई देवमनकडे वळली. मला वाटलं, आता ही ओरडेल. ती हळूच म्हणाली, "त्यानं तुमाले इचारलं होतं, भाऊ." आणि पाटी उचलून चालू लागली.

दोन वर्षांनी पूल झाला. साहेबाची बदली झाली, बस. देवमन कायम झाला नाही. सडकेचं काम सोडून तो मजुरीला जाऊ लागला. जाण्याआधी त्यानं रेघ खरवडली आणि पुन्हा दोन फुटांवर मारली. आता लोक पुलावरून जातात, खाली माझ्याकडे कुणी बघत नाही. अंगावर शेवाळ चढलं आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत. त्याचं मला दुःख नाही.

मागणं एकच आहे. मित्रांनो, उद्या तुमच्यातल्या कुणाच्या हातात असा ब्रश येईल. रेघ जरा वर घे, असं कुणीतरी मोठा माणूस सांगेल. रेघ वर नेल्यानं पाणी खाली जात नाही. आणि कुणी भरवशानं तुम्हाला विचारलं, तर खरं तेच सांगा. तुमचं ऐकून तो पाण्यात उतरणार असतो.