चुना देणाऱ्याची जागा

नदीकाठची ती मशीद इतकी जुनी, की ती कोणी बांधली यावर दोन म्हाताऱ्यांचं कधी जमलं नाही. बांधणारा शहाणा होता, हे मात्र दोघंही मानत. मशिदीच्या पोटाखाली त्यानं कमानींची रांग ठेवली होती. पूर आला की पाणी एकीकडून शिरे, दुसरीकडून निघून जाई, आणि वर घुमटाखालची नमाजाची जागा कोरडी राही. नदीशी भांडायचं नाही, तिला वाट द्यायची, हे त्याला कळलं होतं.

यातल्याच एका कमानीखाली डावऱ्या गवंड्याचा बाप मेला. पुरानं खिळखिळी झालेली कमान त्यानं नव्यानं बांधली होती. शिरस्ता असा, की कमान खालून तोलून धरणारा लाकडी साचा काढताना बांधणाऱ्यानं आणि चुना देणाऱ्यानं, दोघांनी खाली उभं राहायचं. चुना दिला होता बापाच्या सख्ख्या धाकट्या भावानं. त्या दिवशी नेमकं त्याचं पोट दुखत होतं. बाप एकटाच उभा राहिला आणि कमान त्याच्यावर आली.

"दादाचे हात कापायचे हो! मीच त्याला आवरायला हवं होतं," असं म्हणत काका मयताला सगळ्यांत मोठ्यानं रडला. वस्तीनं माना डोलावल्या. डावऱ्यानं ढिगाऱ्यातला चुना बोटांत चुरून पाहिला होता. निम्मी पांढरी माती. पण पोरसवद्याचं ऐकतो कोण? आई तर घाटावर गेली तरी बायका कुजबुजत, हिच्याच नवऱ्यानं मशिदीला खिंडार पाडलं. तिनं नदीकडे जाणंच सोडलं.

डावऱ्यानं राग गिळला नाही, जपला. मोठा झाला, गवंडी झाला, काकापुढे वाकत राहिला. घरामागच्या खड्ड्यात मायलेकांनी चुना भिजत घातला होता. चुना जितका मुरेल तितका चांगला. रागाचंही तसंच आहे.

शेवटी ती पडकी कमान बांधायचं काम त्यालाच मिळालं. चुना अर्थात काकाचा, वस्तीत दुसरा विकणारा होताच कोण? पोती आली. डावऱ्यानं एक उघडून पाहिलं. तीच माती! सख्खा भाऊ मेला, पण या मेल्याची खोड गेली नव्हती. डावऱ्याला आनंद झाला. त्यानं पोती घाटावर रचून ठेवली आणि मुकाट्यानं कामाला लागला.

साचा काढायच्या दिवशी सगळी वस्ती घाटावर जमली. काका पोत्यांवर ऐसपैस बसला होता.

"काका, या. तुमची जागा इथं आहे."

"अरे, या वयात मला कशाला..."

"का? पोट दुखतंय? कळ जाईपर्यंत थांबतो की."

लोक हसले. इमामसाहेबही म्हणाले, "शिरस्ता आहे, उभे राहा." काका उठून कमानीखाली आला. डावऱ्यानं साच्याची पहिली पाचर ठोकून काढली. वरून थोडी धूळ पडली. दुसऱ्या पाचरीवर हातोडा उगारताच काकानं त्याचं मनगट धरलं.

"थांब! पडेल!"

"का पडेल? माझेही हात कापतात?"

"हात नाही रे... चुन्यात माती आहे!"

"आणि बाबांच्या वेळी?"

काकानं वर बघितलं. "तेव्हाही होती! आता सोड मला!" तो ओरडला, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असा, आणि बाहेर पळाला.

मग पायऱ्या उतरत आई आली. काकाजवळ क्षणभर थांबली.

"पोट कसं आहे आता, भावजी?"

ती सरळ कमानीखाली जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बाहेर या! तो चुना..."

"हा चुना मी दिलाय, म्हणून ही जागा माझी. तुमचा तर तुम्ही सकाळपासून बुडाखाली घेऊन बसला होतात."

लोकांनी पोत्यांकडे पाहिलं, मग काकाकडे.

"मार रे," आई म्हणाली.

डावऱ्यानं राहिलेल्या पाचरी उडवल्या. फळ्या धाडकन खाली आल्या. कमान केसभर खाली बसली आणि थांबली. आईनं वर पाहिलंच नाही. ती काकाकडे बघत होती.