अठरावं डोकं

पेन्सिलीचं टोक एकेका डोक्यावर टेकवत प्राध्यापकांनी भिंतीवरचा शेवटचा फोटो मोजला. सतरा. गणित विभागाचे एकतीस वर्षांचे एकतीस फोटो, आणि प्रत्येकात सतराच. माणसं निवृत्त झाली, परदेशी गेली, वारली. आकडा जागचा हलला नाही.

समीकरण कितीही उलटंपालटं करा, त्यातलं काय बदलत नाही, हे शोधण्यात त्यांची हयात गेली होती. बायको म्हणायची, "न बदलणारंच बघायचं तर तुमचा स्वेटर आहे की!" पण हा आकडा स्वेटरसारखा गरीब नव्हता. आजवर दोनदा जागा वाढली, दोनदा फोटोत अठरा उभे राहिले. दोन्ही वेळा अठरावा, म्हणजे नवा माणूस, आठवड्याच्या आत गेला आणि फोटो पुन्हा काढावा लागला. एक तापाने गेला, दुसरा जिन्यावरून पडून. खोटं वाटत असेल तर जिना अजून तिथेच आहे.

यंदा पुन्हा जागा वाढली होती. नेमणूक झाली होती त्यांच्या लेकीची. ती आजच रुजू होणार होती.

त्यांनी विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर राजीनामा ठेवला.

"सर, पेन्शनला दोन वर्षं उरलीत. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. आत्ताच मोजलं."

"आणि लेकीला काय सांगू?"

"म्हाताऱ्याला कंटाळा आला म्हणा. सही करा आधी."

बाईंनी मान हलवत सही केली. एक गेला, एक आली, हिशेब जुळला. प्राध्यापक शीळ घालत खाली उतरले.

दुपारी सगळे पायऱ्यांवर उभे राहिले. लेक अगदी कडेला.

"बाबा, दाबा ना बटण! ऊन लागतंय सगळ्यांना."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने मोजलं. अठरा. पुन्हा मोजलं. अठराच. एकतीस वर्षं हा कॅमेरा त्यांच्याच हातात होता. ते कुठल्याच फोटोत नव्हते. त्यांच्या जाण्याने त्या सतरांमधलं कोणीच कमी होणार नव्हतं.

"इकडे ये," ते लेकीला म्हणाले. "आजपासून फोटो तू काढायचा. दरवर्षी. कोणी कितीही आग्रह केला तरी रांगेत उभं राहायचं नाही."

"हे काय नवीन? आणि तुम्ही?"

"विभागाबरोबर माझा एकही फोटो नाही गं. एक तरी असू दे."

कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवून ते तिच्या मोकळ्या जागी जाऊन उभे राहिले.

"बाबा, जरा आत सरका," ती ओरडली. "कडेचा माणूस कापला जातोय."

"दाब तू," ते म्हणाले, आणि फोटोत हसावं तसे हसले.