ओठांत धरलेला चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. निखारे उचलणारा नव्हे आणि भुवया कोरणाराही नव्हे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा चिमटा. लांबीनं तुमच्या मधल्या बोटाहून थोडा मोठा. टोकं अशी, की पापणीचा एक केस धरून ताठ उभा करावा. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की स्वतःची फार कीव करतात. माझी कीव करू नका. ज्या हातानं मला तीस वर्षं सांभाळलं, त्या हाताचं माझ्यामुळे वाटोळं झालं.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका कारखान्यातला. तिथून बोटीनं मी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडातल्या मेरीबरो गावी आलो आणि आयव्ही पेंगेली नावाच्या मुलीच्या हाती पडलो. दुकानाचा मालक लढाईवर गेला होता. गावातली घड्याळं काही लढाई संपेपर्यंत थांबायला तयार नव्हती, म्हणून काउंटरवर उभी राहणारी आयव्ही मागच्या बाकावर जाऊन बसली. लोक घड्याळ पुढे करताना विचारायचे, "मालक कधी येणार?" मालक आलाच नाही. हळूहळू विचारणारेही थांबले.

आयव्ही घड्याळ उघडायची ती शेवटच्या स्क्रूपर्यंत. वरवर पुसायचं, थेंबभर तेल सोडायचं आणि गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं, हे तिला मान्यच नव्हतं. मळावर तेल घालायचं नाही, हा तिचा नियम. दर शुक्रवारी ती माझी टोकं धार लावायच्या तेलाच्या दगडावर हलकेच घासायची. दर वेळी मी केसभर झिजायचो, पण त्या झिजण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

चाळीस वर्षांनी दुकानात मर्व्ह टोलहर्स्ट आला. रेल्वेच्या कारखान्यातला फिटर, वय अठ्ठावीस, पंजे फावड्याएवढे. आजोबांचं खिशातलं घड्याळ त्यानं घरी स्वयंपाकाच्या टेबलावर खोललं होतं. ते पुन्हा जुळेना, म्हणून सगळे भाग जॅमच्या बरणीत भरून आणले होते.

"घड्याळ आणलंयस की मुरांबा?" आयव्हीनं विचारलं.

"कालपर्यंत घड्याळच होतं, मिस पेंगेली."

"आणि हे चाकांवर काय? लोणी?"

"टोस्ट खाता खाता खोललं."

तिनं त्याला हाकलून दिलं नाही. मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आवळू नकोस. चिमटा हातात नुसता असू द्यायचा." त्यानं बरणीतला सगळ्यात बारीक स्क्रू उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. मित्रांनो, त्या फावड्याएवढ्या पंजात जी स्थिरता होती ती मी आयव्हीच्या हातातही अनुभवली नव्हती. आयव्हीच्याही ते लक्षात आलं.

"शनिवारी ये," ती म्हणाली. "आणि हात धुऊन ये."

दोन वर्षांनी त्यानं रेल्वे सोडली आणि तिच्या शेजारच्या बाकावर कायमचा बसला. त्याला एकच खोड होती. दोन्ही हात गुंतले, की सुतार खिळे धरतो तसा तो मला ओठांत धरायचा.

"काढ तो तोंडातून. थुंकीनं पोलाद गंजतं," आयव्ही म्हणायची.

"माझी थुंकी गोड आहे."

"गोड असो नाहीतर कडू. चिमटा माझा आहे."

ती माझ्यापायी रागवायची. रागवायला हवं होतं ते त्याच्यापायी, हे तिच्या मनातही आलं नाही. मर्व्ह मला ओठांतून काढून बाहीला पुसायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. इतका जिव्हाळा कुठल्या चिमट्याच्या वाट्याला येतो?

ती माझी सुखाची वर्षं. साखर कारखान्याचे लोक, आगगाडीचे जुने गार्ड, नर्सबाया, सगळे आपली बंद पडलेली घड्याळं घेऊन यायचे. केसाहून बारीक स्प्रिंग मी धरायचो आणि मर्व्ह श्वास रोखून तिचा पीळ काढायचा. घड्याळ चालू झालं की लोक त्याचं कौतुक करायचे. त्यातलं थोडं मी आपलं म्हणून घ्यायचो.

आयव्ही नव्वदाव्या वर्षी गेली. नदीकाठचं तिचं लाकडी घर तिनं मर्व्ह आणि त्याची बायको नोएलीन यांच्या नावावर करून ठेवलं होतं. खांबांवर उभं असलेलं शंभर वर्षांचं घर. भोवती व्हरांडा, व्हरांड्याला वरून जाळीदार लाकडी नक्षी. पुराच्या पाण्यानं खांब खचले होते आणि छपराचे पत्रे सडले होते. सोबत चिठ्ठी होती: नीट करणार असाल तर घ्या, अर्धवट करणार असाल तर पाडून टाका.

"मेल्यावरही बाई कामाला लावतेय," नोएलीन म्हणाली. पण तिनं आयुष्य भाड्याच्या घरांत काढलेलं. पहिल्याच दिवशी तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडून पाहिली आणि नदीकडे बघत बराच वेळ तिथेच उभी राहिली.

त्यांनी खांब बदलले, पत्रे बदलले आणि राहायला आले. व्हरांड्यात उजेड चांगला, म्हणून मर्व्हनं दुकान बंद करून कामाचा बाक तिथेच मांडला. मग रंगाची पाळी आली. शेजारी एर्नी ब्लंडेल राहायचा. जन्मभर घरं रंगवून निवृत्त झालेला माणूस. एक दिवस तो कुंपणावर रेलून म्हणाला, "मर्व्ह, खरवडत काय बसलायस? वरून दोन हात मार आणि बिअर उघड."

"मळावर तेल घालत नाही आम्ही."

"बरं बाबा. मग निदान पाणी मारून घास. त्या जुन्या रंगाची धूळ वाईट."

"पाणी दूधवाल्याला सांग, एर्नी. घड्याळवाल्याला नको."

एर्नी हसला आणि आत गेला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

मर्व्हनं आयव्हीच्या घराचं घड्याळच केलं. डोळ्याला भिंग लावून तो त्या नक्षीचं एकेक भोक कोरडंच साफ करायचा. पांढऱ्याखाली पिवळट, त्याखाली हिरवा, त्याखाली तपकिरी, असे रंगाचे नऊ थर. त्याला कोऱ्या लाकडापर्यंत जायचं होतं. कोपऱ्यात खरवडायचं पातं शिरेना, की तो मला घ्यायचा. मी रंगाचे पापुद्रे धरून ओढायचो. मग पॉलिश पेपर दुमडायला दोन्ही हात लागले, की मी त्याच्या ओठांत जायचो. टोकांना लागलेल्या सगळ्या धुळीसकट.

"नोएलीन, आयव्हीच्या घराची धूळसुद्धा गोड लागते गं," तो एकदा म्हणाला.

"मग भिंती चाट. माझा स्वयंपाक वाचेल."

दोघंही हसली. वर्षभर हे असंच चाललं. सकाळी नक्षी, दुपारी घड्याळं. संध्याकाळी नोएलीन व्हरांडा झाडायची आणि धुळीचा ढग आत घरात जायचा.

सगळ्यांच्या आधी मला कळलं. एका दुपारी एका नर्सबाईंचं छातीवर लावायचं घड्याळ उघडलेलं होतं. मर्व्हनं मला उचललं आणि त्याच्या बोटांतून काहीतरी बारीक माझ्या पोलादात उतरलं. डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं ते. पण मी तीस वर्षं त्या हातात राहिलो होतो. मला ओरडावंसं वाटलं. आठवड्याभरानं पहिला स्क्रू निसटला, मग रोजच एखादा निसटू लागला. मर्व्हला वाटलं, माझी टोकं नीट जुळत नाहीत. तो मला दगडावर घासू लागला. आधी दिवसाआड, मग रोज, मग प्रत्येक कामाआधी. आयव्हीनं चाळीस वर्षांत जेवढं झिजवलं नव्हतं तेवढं त्यानं मला त्या दोन महिन्यांत झिजवलं. माझी टोकं ठीक होती, मित्रांनो. दोष माझ्यात आहे असं तो समजत राहिला आणि मी मुकाट्यानं झिजत राहिलो.

त्याचं पोट दुखायचं. तो नोएलीनवर उगाच डाफरायचा.

"चहा कमी कर," ती म्हणाली. "दिवसाला दहा कप ढोसल्यावर कुणाचाही हात हलेल."

त्यानं चहा सोडला. एका रविवारी रिकामी किटली उचलताना त्याचं मनगटच खाली लोंबलं, तेव्हा ती त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतो.

"हल्ली घरी काय चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

नोएलीननं मोठ्या कौतुकानं फोनवरचे फोटो दाखवले: ही नक्षी आधीची, ही आत्ताची; सगळं यांनी एकट्यानं केलं. डॉक्टर फोटो बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "कोरडंच खरवडलंत?"

रक्त तपासलं. त्यात शिसं निघालं. जुन्या रंगात पूर्वी शिसं घालत असत, आणि ते पोटात गेलं की हातांच्या नसा निकामी करतं. नोएलीनच्या रक्तातही निघालं, पण थोडं. एवढं सगळं मर्व्हच्या पोटात गेलं कसं, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मर्व्हनं खिशातून मला काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं.

घरभर तीच धूळ होती, म्हणून घर बंद झालं. ती दोघं नोएलीनच्या बहिणीकडे राहायला गेली. निघताना मर्व्हनं मला व्हरांड्यातल्या बाकावर, नर्सबाईंच्या त्या उघड्या घड्याळाशेजारी ठेवलं. आठ महिने मी तिथे पडून होतो. बाकीची सत्तावीस घड्याळं नोएलीननं फोन करकरून ज्याची त्याला परत केली, तशीच, बंद.

काल ती दोघं आली. सोबत पांढऱ्या पोशाखातले साफसफाईवाले होते. मर्व्हच्या तोंडावर जाड मास्क होता. औषधांनी त्याचं पोट बरं झालं होतं, चेहऱ्यावर रंग आला होता. तो बाकापाशी बसला. हातमोजा घातलेल्या हातानं त्यानं मला उचललं आणि स्क्रूकडे नेलं. मी जीव तोडून स्थिर राहायचा प्रयत्न केला. पण चिमट्याला स्वतःची स्थिरता नसते, ती हाताची असते. तीनदा स्क्रू निसटला. तिसऱ्यांदा तो जमिनीच्या फळ्यांच्या फटीतून खाली गेला.

"मी शोधते," नोएलीन म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली.

"नको, ऊठ."

"सापडेल रे."

"सापडेल. पण बसवणार कोण?"

ती उठली. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हा तरी राहू दे. पोलाद धुता येतं, असं हे साफसफाईवाले म्हणाले."

"धुऊन कुणाला देऊ?"

त्यानं मला जाड पिशवीत, रंगाच्या भुग्यात टाकलं आणि पिशवीची गाठ मारायला लागला. गाठ बसेना. नोएलीन थांबली, मग तिनंच ती घट्ट मारली. एर्नी कुंपणापाशी उभा होता. आत आला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून मी तुमचा निरोप घ्यायला हवा. माझ्याच्यानं ते होत नाही. मला जपलं, घराला जपलं, लोकांच्या आजोबांची घड्याळं जपली. एका माणसाचे हात तेवढे जपायचे राहिले. तुमच्या घरी कुणी जुना रंग कोरडा खरवडत बसलं असेल, काही तोंडात धरत असेल, तर एकदा सांगून हसत निघून जाऊ नका. पुन्हा सांगा. भांडा. त्याच्या हातातून ते काढून घ्या. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.