कुंपणावरचे दात

घोड्यानं लाकूड खाल्लं तर मी एक वेळ समजून घेईन. मुका जीव आहे, भूक लागली असेल. पण ही बया खात नव्हती. कुंपणाच्या सगळ्यात वरच्या फळीवर पुढचे दात रोवायचे, मान ताणून कमान करायची आणि घशातून 'हुंक्' असा आवाज काढत नुसती हवा गिळायची. हे तासन् तास. पोटात काही जात नव्हतं, फळीचा मात्र भुगा. मी सुतार आहे. त्या तबेल्याचं सगळं कुंपण माझ्या हातचं, एकेक फळी रंधून, घासून, हिरवा रंग देऊन ठोकलेली. मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली तर त्यात नवल काय.

तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. पंधरा वर्षं तिनं नवशिक्यांना पाठीवर घेऊन बसायला शिकवलं होतं. कुणी लगाम चुकीचा ओढला की जागच्या जागी थांबायची आणि मागे वळून अशी बघायची की माणसानं आपणहून माफी मागावी. तिचा मोतद्दार म्हणजे माझा थोरला भाऊ. दाणापाणी, खरारा, दात, खूर, सगळं दादाच बघायचा. वहिनी म्हणायची, "मला सवत आणलीत, तीही चार पायांची." दादा हसायचा, पण नाही म्हणायचा नाही.

मग दादाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तबेल्याच्या वरच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड, आणि जिना इतका अरुंद नि उभा की त्याला खाली न्यायचं नावही डॉक्टर काढू देईनात. खाटेच्या डोक्याशी खिडकी होती आणि खिडकीखाली कुंपण. पडल्या पडल्या त्याला आभाळाच्या तुकड्याशिवाय काही दिसायचं नाही. पंधरा दिवसांत मास्तरणीनं कुंपण धरलं, तेही नेमकं त्या खिडकीखालचं.

गुरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "तिचा माणूस समोरून गेलाय. पोटातही जळजळ असेल. दिवसभर पुढ्यात गवत राहू द्या, दुसऱ्या घोड्याची सोबत द्या. फळीला काय काय फासून काही व्हायचं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला." मालकीणबाईंनी उलटंच केलं. हिचं बघून बाकीचे घोडे शिकतील, या भीतीनं तिला तिथे एकटीच ठेवली आणि मला बोलावून सांगितलं, "महिनाअखेर हे थांबलं नाही तर मी तिला पाठवून देणार. दादांकडे बघून इतके दिवस थांबलेय." डॉक्टरांचं मीही ऐकलं नाही, हे कबूल करतो. दादाची मास्तरीण जाऊ द्यायची नाही आणि त्यासाठी ते दात थांबवायचे, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं होतं.

मिरची वाटून फळीला फासली. बाईसाहेबांनी मिटक्या मारत चाटली. कडू औषध लावलं, पालथ्या घड्यावर पाणी. फळीला पत्रा ठोकला तर तिनं खांब धरला, खांबाला ठोकला तर फाटक धरलं. जित्याची खोड म्हणतात ती हीच. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी गळपट्टा आणला. तो घशापाशी बसतो, मान ताणली की रुततो, एरवी काही करत नाही. दोन दिवसांत आवाज बंद. मी फाटकाची मोडकी फळी बदलली, रंग दिला आणि वर जाऊन दादाला म्हटलं, "जिंकलो रे. सुधारली तुझी मास्तरीण."

दादानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं खाण्यासाठी तोंड उघडणं बंद केलं. वहिनी चमचा ओठांशी धरून बसायची आणि तो दात आवळून पडायचा. तिच्याच आधी लक्षात आलं. मला जिन्यात गाठून म्हणाली, "भावजी, तो आवाज. सकाळी तो सुरू झाला की हे डोळे उघडायचे. डाव्या हातानं खाटेवर ताल धरायचे. आता आवाज नाही. ती मेली असं वाटतंय त्यांना."

"मग सांग ना, जिवंत आहे म्हणून."

"सांगून थकले. तुम्ही सांगा."

मी सांगितलं, शपथ घेतली. पण आमच्या घरात आजारी माणसाला खरं सांगायची पद्धतच नाही. आईला आम्ही शेवटपर्यंत साधा ताप म्हणत होतो, आणि त्या थापांमध्ये दादा सगळ्यांच्या पुढे होता. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू पुढचं वाक्यही त्याला ठाऊक होतं. मास्तरणीला खिडकीखाली आणून उभी केली, चुचकारलं, हातापाया पडलो. एकदा खिंकाळेल तर शपथ.

मग मीच तिचा पट्टा सोडला. पत्राही माझ्याच हातानं उचकटला. तिनं जरा वेळ फळी हुंगली आणि दात रोवले. हुंक्. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. दादानं मान वळवली होती आणि वहिनी त्याला दूध पाजत होती. घाईत अर्धं दूध उशीवर सांडलं.

आठ दिवसांत अर्धी फळी गेली. मालकीणबाई फाटकाशी आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुम्हाला." मी सगळं सांगून पाहिलं. त्यांचेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू. पण तोवर आणखी दोन घोडे फळीला दात लावू लागले होते. मास्तरणीला न्यायला गाडी आली. ती कुणी ओढायच्या आत निमूट चढली. मी कुणाला तोंड दाखवायच्या लायकीचा उरलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कुंपणाशी गेलो. पटाशीनं फळी खरवडून पाहिली, पण आवाज सुताराचा आला, घोड्याचा नाही. मग इकडेतिकडे बघितलं, वाकलो आणि फळीत दात रोवले. मान ताणली, घशातून हवा ओढली. पन्नाशीचा बाप्या, स्वतःच ठोकलेलं कुंपण चावतोय. हसू यायला हवं होतं. वर खाटेवर बोटांचा ताल ऐकू आला आणि मी पुन्हा दात लावले. असे अकरा दिवस गेले. वहिनी पाण्याची बादली घेऊन शेजारून जायची, बघायची नाही.

बाराव्या दिवशी मी नेहमीसारखा वर जाऊन त्याच्याजवळ बसलो. म्हटलं, "ऐकलंस ना? आज जोरात आहे बाई." दादानं डावा हात उचलला. अंगठ्यानं माझा वरचा ओठ वर केला, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि माझे पुढचे दात बघू लागला. तीस वर्षं प्रत्येक नव्या घोड्याचे बघत आला तसे. हिरडीपाशी हिरव्या रंगाची खपली अडकली होती. ती त्यानं नखानं काढली आणि बोटावर धरून बघत राहिला.

माझ्याच्यानं आणखी खोटं बोलवेना.

"गेली रे, दादा. मेली नाही, खरंच नाही. पाठवून दिली. मला नाही थांबवता आलं."

मला वाटलं, आता तो भिंतीकडे तोंड फिरवणार. त्यानं फिरवलं नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायचं सोडून तो त्याच्या त्या एकुलत्या चालत्या हातानं माझा गळा चोळत होता, वरून खाली, सावकाश, दुखऱ्या जनावराचा चोळावा तसा.