लांबडीची शेवटची उडी

दिवसभर लोकांच्या खिडक्या मोजून मी पडदे शिवते, त्यामुळे चार मीटर सत्तर म्हणजे किती हे मला कोणी सांगायला नको. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्याची खिडकी. हातात लांब काठी घेऊन पळत यायचं, काठी खड्ड्यात रोवायची आणि त्या खिडकीएवढ्या आडव्या दांडीवरून पलीकडे जायचं. याला पोल व्हॉल्ट म्हणतात. माणसं सुखासुखी असलं काही का करतात, देव जाणे. पण मला त्याचं वेड आहे.

तसे माझे लाडके पुष्कळ. भालाफेकीतला तो टकल्या आहे, हजारो मीटर हसत पळणारी ती काटकुळी आहे. त्यांना मी टीव्हीसमोर मांडी ठोकून बघते. जीव मात्र अडकला तो पोल व्हॉल्टवाल्या त्या उंच पोरीत, आमच्या लांबडीत. आणि नेमकी तिचीच यशस्वी उडी मी कधी पाहिलेली नाही.

झालं असं, की नऊ वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेत मी डोळे फाडून बघत बसले आणि तिने तिन्ही वेळा दांडी पाडली. पुढच्या स्पर्धेत दूध उतू गेलं म्हणून मी आत धावले, तर बाई झोकात पार. तेव्हापासून घरात नियमच झाला. लांबडी पळायला लागली की सासूबाई ओरडायच्या, "ऊठ गं, आत जा." मीही मुकाट्याने जायची. आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. मोजता येत नाही ते खरं नाही, असं त्यांचं म्हणणं. ते नुसते हसायचे.

यंदा ती निवृत्त होणार असं कळलं आणि हे थेट स्टेडियमची दोन तिकिटं घेऊन आले. मी चिडलेच. "मी येणार नाही. तिचा शेवटचा दिवस माझ्या हातून नासायला नको."

"आणि नाही आलीस तर? जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकणार?"

ते मनाला लागलं. गेले मी.

पण तिथे जाऊन केलं काय? ती काठी उचलायची आणि मी मांडीवर डोकं टेकवून डोळे मिटायची. खालच्या उंचीवर सगळं झकास झालं. मग दांडी चार सत्तरवर गेली. पहिल्या उडीला लोक "अरेरे" म्हणाले. दुसऱ्या उडीलाही तेच. लगेच घरून सासूबाईंचा फोन आला. "बघितलंस ना तू?"

"नाही हो आई, शपथ."

त्यांनी खटकन फोन ठेवला.

हे शांतपणे म्हणाले, "तू तर बघत नव्हतीस. मग पाडली कोणी?"

माझं डोकंच फिरलं. म्हणजे नऊ वर्षं मी वेड्यासारखी ओट्याशी उभी राहिले, ते कशासाठी? तिने किती वेळा आभाळाला हात लावला आणि मी मात्र भिंतीकडे तोंड करून. एवढं रडू आलं, की विचारू नका. तीनपैकी आता उरली होती एकच उडी.

मी मान वर केली.

ती धावली. काठी रोवली, काठी वाकली आणि लांबडी पाय वर करून चढतच गेली. पोट दांडीच्या वर, मग छाती वर. क्षणभर ती तिथे कशालाही न धरता होती. मग उतरताना कोपराचा धक्का लागला आणि तिच्यामागोमाग दांडीही खाली आली.

ती गादीवर पडल्या पडल्या हसत होती. मग उठली आणि चारही बाजूंना वाकून नमस्कार करत राहिली. मला अजिबात वाईट वाटलं नाही. किती वर गेली होती ती! आणि पडली कोपरामुळे, माझ्यामुळे नाही. मी यांचा हात गच्च धरला. "अहो, बघितलंत?"

मी वळून पाहिलं, तर वजनकाट्यांचा हा कारागीर डोळे घट्ट मिटून बसलेला.

"अहो?"

"तू मान वर केलीस ना," ते डोळे न उघडताच पुटपुटले. "म्हटलं, आपल्याकडून एकाने तरी बघू नये. गेली का पार?"

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तिने धावायला सुरुवात केल्यापासून सगळं सांगायला लागले.