टायरवाल्याच्या आवारातला नाश्ता

ज्या जागा कुणाला ठाऊक नाहीत त्या सगळ्या जगाला ठाऊक करून द्यायच्या, हा प्रसादचा छंद होता. अमेरिकेत तो राहत होता त्या ऑस्टिनमध्ये सकाळी टाको खायची पद्धत. मैद्याची गरम पोळी, आत बटाटा, अंडं, घेवड्याचं वाटण, वर झणझणीत चटणी. असले टाको शहरात ढिगाने मिळत. पण प्रसादला हव्या असत त्या आडबाजूच्या जागा: पेट्रोलपंपामागची खिडकी, कुणाच्या अंगणातली गाडी. दर शनिवारी तो तीस-तीस मैल गाडी हाणत जाई, फोटो काढी, आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर आपल्या ब्लॉगमध्ये लिही. पुढच्या शनिवारी तिथे पन्नास माणसं रांगेत उभी. मग प्रसाद हळहळे, "ती जागा आता स्पॉइल झाली यार," आणि नवी शोधायला निघे.

प्रसाद मांस खात नसे आणि त्याचा ब्लॉग वाचणारी आपली माणसंही बरीच शाकाहारी. त्यामुळे घेवड्यात डुकराची चरबी वापरणारी जागा कितीही चांगली असली तरी तो तिच्यावर काट मारी. त्या चौकशीपुरतं एक स्पॅनिश वाक्य त्याने पाठ केलं होतं.

एकनाथराव, त्याचे वडील, मागच्या सीटवर बसून हे सगळं बघत. ते इस्लामपूरच्या एसटी डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होते. बायको सुलभाबाईंसह सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते आणि त्यातले चार सरले होते. इथे कुठे जायचं तर कुणीतरी गाडीतून न्यावं लागे. दुकानात जायचं, प्रसाद नेणार. देवळात जायचं, प्रसाद नेणार. केस कापायलासुद्धा प्रसादच. उभ्या जन्मात गाड्या दुरुस्त केलेला माणूस, आणि आता पार्सलासारखा इथून तिथे पोचवला जात होता.

पण एकनाथरावांकडे एक गुपित होतं. बिल्डिंगच्या मागच्या कुंपणाला फट होती. त्यातून निघून ओढ्याच्या कडेने दहा मिनिटं चाललं की एक टायरवाला लागे. त्याच्या आवारात ओफेलियाबाईंची टाकोची गाडी उभी असे. सकाळी सहाला तिथे छपरं घालणारे, रंगारी, माळी जमत. एकनाथराव टायरच्या चळतीवर बसत, बटाटा-घेवड्याचा टाको खात, आणि समोर जॅक लावताना टायरवाल्याचा पोरगा चुकला की हातवारे करून त्याला दुरुस्त करत. भाषेवाचून काही अडत नसे. तिथे त्यांना सगळे "दोन एकनात" म्हणत. त्यांच्या स्पॅनिशमध्ये दोन म्हणजे राव, हे एकनाथरावांना आपोआप कळलं होतं. अख्ख्या अमेरिकेत स्वतःच्या पायांनी जाता येईल अशी ही एकच जागा. घरी सांगत, फिरून आलो.

चरबीची खात्री त्यांनी पहिल्याच दिवशी केली होती. घेवड्याकडे बोट दाखवून त्यांनी डुकरासारखा आवाज काढला. ओफेलियाबाई पोट धरून हसल्या आणि आतून तेलाचा डबा आणून दाखवला. मग छातीवर हात ठेवून डोळे मिटले आणि नवऱ्याचा फोटो दाखवला. नवऱ्याला हार्टचं दुखणं झालं तेव्हापासून चरबी बंद, एवढं एकनाथराव समजले.

एका शनिवारी घात झाला. प्रसाद शहराच्या पार दक्षिणेला कुठलीशी खिडकी शोधत गेला, ती बंद निघाली. परतीच्या वाटेवर, घर दोन मिनिटांवर आलं असताना, गाडीचं चाक बसलं.

"बाबा, जवळ टायरवाला असेल का?"

"इथे कुठला असणार?" एकनाथराव म्हणाले. पण गाडी हळूहळू वळली ती नेमकी त्याच आवारात.

"दोन एकनात!" जॅकवाला पोरगा ओरडला. ओफेलियाबाईंनी मान वर केली आणि न विचारता बटाटा-घेवडा तव्यावर टाकला.

प्रसाद एकदा टाकोच्या गाडीकडे बघे, एकदा बापाकडे. "बाबा, तुम्ही इथे येता? रोज? अहो, मी सगळं शहर पालथं घालतोय आणि हे माझ्या बिल्डिंगच्या मागे?" त्याने एक घास घेतला. मग दुसरा. "हे बेस्ट आहे, बाबा. आत्तापर्यंतचं बेस्ट." आणि त्याने कॅमेरा काढला.

एकनाथरावांच्या डोळ्यांपुढे पुढचा शनिवार उभा राहिला. पन्नास माणसं, पन्नास कॅमेरे, आणि टायरच्या चळतीवर कॉलेजची पोरं. प्रसाद टाकोच्या गाडीच्या खिडकीकडे निघाला, ते पाठ केलेलं वाक्य ओठांवर आणत.

"विचारू नकोस. आहे," एकनाथराव म्हणाले.

"काय आहे?"

"चरबी. डुकराची."

प्रसादने हातातला टाको बघितला. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि चार महिने खाताय?"

"खातोय," एकनाथराव म्हणाले. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला माणूस मान खाली घालून उभा राहिला. कॅमेरा पिशवीत परत गेला. जागा वाचली.

प्रसादच्या पोटात मात्र काही राहत नसे, नाहीतर ब्लॉग कशाला लिहिला असता? चाक बदलून होईपर्यंत फोनवर घरी आईला सगळं सांगून झालं होतं.

सुलभाबाईंना शनिवारचा उपास होता. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त नवऱ्याचं ताट, वाटी आणि पेला वेगळा काढला. कपड्यांच्या कपाटात मांडलेल्या देवांना हात लावायचा नाही, म्हणाल्या. रविवारी सकाळी एकनाथरावांना बूट सापडेनात.

"अगं, बूट कुठे आहेत?"

"कशाला हवेत? फिरायचं असेल तर गॅलरीत फिरा."

तेव्हा एकनाथरावांच्या ध्यानात आलं की आपण जागा वाचवली खरी, पण ती आपल्याला सोडून सगळ्यांसाठी.

चार दिवस त्यांनी कळ काढली. बुधवारी संध्याकाळी दोघांना समोर बसवून सांगितलं, "त्यात चरबी नाही. तेल असतं. मी खोटं बोललो."

प्रसादने आईकडे बघितलं. "आई, सवय लागलेला माणूस असंच बोलतो. मी वाचलंय."

"खायला बंदी घातली की म्हणे तेलच होतं," सुलभाबाई म्हणाल्या.

"मग चल. डोळ्यांनी बघ."

गुरुवारी सहाला सुलभाबाई नऊवारीखाली प्रसादचे जुने बूट घालून कुंपणाच्या फटीतून निघाल्या. त्या खिडकीपाशी थांबल्या नाहीत, सरळ गाडीत चढल्या. डबे उघडले, वास घेतला. ओफेलियाबाईंनी तेलाचा डबा पुढे केला, डुकरासारखा आवाज काढला आणि बोट हलवून नाही नाही केलं. सुलभाबाई आयुष्यात इतक्या हसल्या नव्हत्या. मग त्यांची नजर पोळपाटाकडे गेली. "अहो, बाईंच्या लाटण्याला जोर नाही," म्हणाल्या आणि पदर खोचला. अर्ध्या तासात दोघी शेजारी शेजारी पोळ्या लाटत होत्या. एक मराठीत बोले, दुसरी स्पॅनिशमध्ये, आणि विषय दोघींचाही नवरे हाच असावा, कारण दोघी अधूनमधून एकनाथरावांकडे बघत.

शुक्रवारी सुलभाबाई पाच वाजताच तयार होत्या. "चला की. पीठ मळायचं राहील." शनिवारी तिथे त्यांना कुणीतरी खुर्ची आणून दिली. आणि एकनाथराव जॅकवाल्या पोराला काही दाखवायला उठले की गाडीतून आवाज येई, "अहो, हात काळे करू नका! शर्ट मला धुवावा लागतो."

चरबी नाही हे कळल्यावर प्रसाद कॅमेरा घेऊन तयारच होता. सुलभाबाईंनी त्याला दारातच अडवलं. "खबरदार लिहिलंस तर. गर्दी होईल. बाईला मेली उसंत मिळणार नाही, आणि आमचीही एवढी एकच जागा आहे."

"माझी" ऐवजी "आमची" कधी झाली, ते एकनाथरावांना कळलं नाही.

रविवारी दुपारी सुलभाबाईंचा डोळा लागला होता. एकनाथराव प्रसादच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन उभे राहिले.

"प्रसाद, तुझ्या यादीत चालत जाता येईल अशी आणखी कुठली जागा आहे का रे?"

प्रसादचा चेहरा खुलला. बापाला अखेर आपल्या छंदाची गोडी लागली! तो भराभर यादी खाली सरकवू लागला. "एक आहे, वीस मिनिटांवर. पण मी काट मारलीय, बाबा. तिथे खरंच चरबी असते."

"खरंच?"

"पक्की. त्यांनी स्वतः सांगितलं."

एकनाथरावांनी झोपायच्या खोलीकडे एकदा नजर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली.

"पत्ता सांग," ते म्हणाले. "मी नुसती कॉफी पिईन."